सर्टिफिकेट ताजं आहे, पण हात ताजे आहेत का? ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांनी ट्रेनिंग कसं चालू ठेवायचं

सीपीआरचं (हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं) कार्ड बऱ्याच ठिकाणी दोन वर्षं चालतं, पण सीपीआर करायचं कसब कोर्स झाल्यावर तीन ते सहा महिन्यांतच उतरायला लागतं, हे कितीतरी अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे कार्डावरची तारीख अजून शिल्लक असते आणि कॉम्प्रेशनची, म्हणजे छाती दाबण्याची, खोली कधीच कमी झालेली असते. मधल्या या काळात काय करायचं ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितेय. ईएमटी (ॲम्ब्युलन्सवरचे तंत्रज्ञ) असा, पॅरामेडिक (त्याहून जास्त ट्रेनिंग घेतलेले) असा, नाहीतर नुकतेच ॲम्ब्युलन्सवर लागलेले असा, सगळ्यांना लागू पडेल असंच लिहायचा प्रयत्न आहे.

माझं म्हणणं एवढंच की वर्षातून एकदा दोन दिवस क्लासमध्ये बसण्यापेक्षा दर शिफ्टला दहा-पंधरा मिनिटं हात चालवलेले जास्त उपयोगी पडतात, आणि त्या दहा मिनिटांत काय करायचं हे आपल्याच कॉलवरून ठरवायचं. खाली औषधांचे डोस आणि आकडे आलेत, ते सरावासाठी आहेत, प्रत्यक्ष पेशंटवर तुमच्या मेडिकल डायरेक्टरचा (सेवेच्या प्रमुख डॉक्टरांचा) प्रोटोकॉल आणि तुम्हाला जेवढं करायची परवानगी आहे तेवढंच, याबाबत दुमत नको.

आधी कॉलशीट काढा

मागच्या तीन महिन्यांच्या कॉलशीट (प्रत्येक कॉलच्या नोंदीचे कागद) घेऊन बसा आणि प्रत्येक प्रकारच्या कॉलपुढे दोनच गोष्टी लिहा, हा कॉल किती वेळा येतो आणि यात आपण चुकलो तर पेशंटचं किती नुकसान होतं. लगेच दिसेल की जे रोज येतं त्याचा सराव आपोआप होतोय, बीपी घेणं, स्ट्रेचर लावणं, आयव्ही लावणं याला वेगळा वेळ काढायची फार गरज नाही. खरी काळजी क्वचित येणाऱ्या पण चुकलं तर भारी पडणाऱ्या कॉलची. गाडीतच डिलिव्हरी होणं, लहान मुलाचा अरेस्ट (हृदय बंद पडणं), वायुमार्गात काहीतरी अडकणं, चेहऱ्याला भाजलेला पेशंट, एकाच वेळी आठ-दहा जखमी. हे कॉल वर्षात एकदा येतील, कदाचित येणारही नाहीत, पण आले की पुस्तक उघडायला वेळ नसतो. सरावाचा निम्म्याहून जास्त वेळ या यादीवर घालवा.

आणि एक कप्पा लोक हमखास विसरतात तो म्हणजे रोज येणारे पण फसवे कॉल. पडलेली म्हातारी व्यक्ती जी रक्त पातळ करणारी गोळी घेतेय आणि डोक्याला साधं टेंगूळ आहे. बोलणं अडखळतंय, एक बाजू ढिली पडलीय म्हणून स्ट्रोक समजून पळवलेला पेशंट ज्याची शुगर कुणी बघितलीच नाही आणि ती निघते ४०, म्हणजे फारच कमी. दारू प्यायलाय म्हणून सोडून दिलेला हेड इंज्युरीवाला. इथे हात चुकत नाहीत, विचार करायची घाई चुकते, त्यामुळे सरावही वेगळा लागतो. पार्टनरने फक्त पहिलं वाक्य सांगायचं, "५८ वर्षांचे गृहस्थ, अचानक गोंधळल्यासारखे वागतायत", आणि दुसऱ्याने निदान पाच कारणं मोठ्याने बोलून दाखवायची आणि प्रत्येक कारण कशाने बाद करणार तेही सांगायचं. हॉस्पिटलबाहेर गाडीत बसल्या बसल्या होतं हे, काही सामान लागत नाही.

सीपीआर आणि बॅग-मास्क: दर शिफ्टला दहा मिनिटं

आकडे सगळ्यांना पाठ असतात, मोठ्या माणसाला मिनिटाला १०० ते १२० कॉम्प्रेशन, खोली निदान ५ सेंटीमीटर पण ६ च्या पुढे नाही, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, ३० ला २ श्वास, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, आणि मधली थांबण्याची वेळ १० सेकंदांच्या आत. पाठ असणं आणि होणं यात फार अंतर आहे. मॅनिकिन (सरावाचा पुतळा) जमिनीवर ठेवा, फोनवर मेट्रोनोम ११० वर लावा, दोन मिनिटं करा, आणि पार्टनरने बाजूला बसून आकडे न बघता फक्त एकच गोष्ट बघायची, हात वर येताना छातीवर टेकलेले राहतायत का. दमलं की माणूस नकळत छातीवर रेलतो आणि छाती पूर्ण वर येत नाही, मग हृदयात रक्त परत भरत नाही, आणि करणाऱ्याला हे स्वतःला अजिबात कळत नाही. म्हणून बघणारा लागतो. फीडबॅक देणारा मॅनिकिन असेल तर उत्तमच, नसेल तर दुसऱ्या माणसाचे डोळे पुरतात.

मग घड्याळ लावून थांबण्याची वेळ मोजा. माणूस बदलताना, डिफिब्रिलेटरचे (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचे) पॅड लावताना, हृदयाचा रिदम बघताना, शॉक देताना किती सेकंद छातीवर हात नाहीत ते. दहा मिनिटांच्या कोडमध्ये (अरेस्टच्या कॉलमध्ये) हात छातीवर असण्याचा वेळ निदान ६० टक्के हवा असं गाइडलाइन म्हणते आणि चांगल्या टीम ८० च्या वर नेतात. हा आकडा ताकदीने वाढत नाही, ठरवून वाढतो. पॅड लावणारा कुठल्या बाजूला बसणार, चार्जिंग चालू असताना कॉम्प्रेशन चालूच ठेवायचं, पुढचा माणूस आधीच हात वर धरून तयार बसायचा, असल्या बारीक गोष्टी. एकाच क्रूने हे तीन-चारदा केलं की सेकंद पटापट कमी होतात.

बॅग-मास्कबद्दल (तोंडावर मास्क धरून हाताने दाबायच्या बॅगेने श्वास देणं) जरा जास्त लिहिते कारण याला सगळे सोपं समजतात. २००४ साली मिलवॉकीमधला एक अभ्यास छापून आला, त्यात खऱ्या कार्डिॲक अरेस्टमध्ये ट्रेनिंग घेतलेले लोक सरासरी मिनिटाला ३० च्या आसपास श्वास देत होते असं दिसलं. मध्येच त्यांना पुन्हा शिकवलं गेलं, तरी नंतरचा आकडा २२ च्या आसपासच राहिला. जास्त हवा ढकलली की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं आणि कॉम्प्रेशनचा फायदा कापला जातो. नुसतं सांगून ही सवय जात नाही हे त्या आकड्यांतूनच दिसतं, त्यामुळे हे हातानेच बसवायला लागतं. श्वासनलिकेत ट्यूब किंवा घशात सुप्राग्लॉटिक (स्वरयंत्राच्या वर बसणारी नळी) टाकल्यावर सहा सेकंदांना एक श्वास. मोठ्याने मोजा, एक-दोन-तीन-चार-पाच-आणि-श्वास. मोठ्यांच्या बॅगेत साधारण दीड लिटर हवा असते आणि पेशंटला ५०० ते ६०० एमएल पुरते, म्हणजे छाती हलताना दिसली की दाबायचं थांबायचं, बॅग पूर्ण पिळायची नाही. माणसं असतील तेव्हा दोघांनी करा, एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा आणि दुसऱ्याने बॅग दाबायची. मास्क तोंडावर दाबण्यापेक्षा जबडा मास्ककडे वर उचलायचा, हवा गळणं तिथेच थांबतं. आणि सक्शन चालू करून बघा, डब्यात आहे एवढ्यावर समाधान नको, खरंच ओढतंय का ते बघा.

लहान मुलांसाठी हाच सराव वेगळा धरा. दोघं असाल तर १५ ला २, खोली छातीच्या एक तृतीयांश, आणि बॅग छोटी. मोठ्यांचे हात मुलावर तसेच चालतात असं समजणं धोक्याचं आहे.

औषधांचं गणित, मोठ्याने

औषधातल्या चुका फक्त अज्ञानामुळे होत नाहीत, घाईत दशांश चिन्ह सरकल्यामुळेही होतात, आणि लहान मुलात ते सरकणं सगळ्यात सोपं. एकच उदाहरण नीट बघू.

१४ किलोचं मूल, अंगभर पित्त, घसा बसलाय, श्वास घेताना आवाज येतोय. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी ॲलर्जी. ॲड्रेनलिन ०.०१ मिलिग्रॅम दर किलोला, म्हणजे ०.१४ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. ॲम्प्यूल १ एमएलमध्ये १ मिलिग्रॅमवालं, म्हणजे ०.१४ एमएल. एवढंसं औषध ५ एमएलच्या सिरिंजमध्ये मोजताच येत नाही, १ एमएलची सिरिंज लागते, आणि ती तुमच्या किटमध्ये कुठल्या खिशात आहे हे आत्ता न बघता सांगता येतंय का ते बघा. आता तेच मूल अरेस्टमध्ये गेलं. डोस तोच ०.१४ मिलिग्रॅम, पण आता शिरेतून किंवा हाडातून, आणि पातळ केलेलं औषध, १० एमएलमध्ये १ मिलिग्रॅम. म्हणजे १.४ एमएल. आकडे किती सारखे दिसतात बघा, ०.१४ आणि १.४. जाड औषधाची ॲम्प्यूल हातात राहिली आणि डोक्यात १.४ बसलं की मुलाला दहा पट डोस जातो. याच गोंधळामुळे अमेरिकेत २०१६ पासून ॲड्रेनलिनच्या लेबलवर एकास हजार, एकास दहा हजार अशी भाषा बंद करून सरळ एका एमएलमध्ये किती मिलिग्रॅम ते छापायला लावलं.

सराव असा. आठवड्यातून एकदा पार्टनरने वजन सांगायचं, ९ किलो, २२ किलो, ३१ किलो, आणि तुम्ही औषधाचं नाव, मिलिग्रॅम, कुठलं ॲम्प्यूल, किती एमएल, कुठल्या मार्गाने हे सगळं एका दमात मोठ्याने. मग एक्स्पायर झालेल्या ॲम्प्यूल किंवा साधं पाणी घेऊन खरंच सिरिंजमध्ये भरा (सरावाचं सामान वेगळ्या डब्यात, मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, ते गाडीतल्या औषधांत मिसळता कामा नये). भरलेलं पार्टनरने वाचायचं आणि तुम्ही परत बोलून खात्री करायची. ब्रोसलो टेप (मुलाच्या लांबीवरून डोस काढायची रंगीत टेप) असेल तर तीही काढा, लाल टोक डोक्याकडे, टाचेपर्यंत मोजायचं, आणि ज्या रंगात टाच येते तो रंग. टेप आहे म्हणून गणित सोडून द्यायचं नाही आणि गणित येतंय म्हणून टेप गुंडाळून ठेवायची नाही, दोन्ही उत्तरं जुळली की मगच सुई.

सिनॅरिओ करताना थांबा आणि मागे जा

नेहमीची पद्धत अशी की पंधरा मिनिटं सिनॅरिओ (खोटा कॉल रचून केलेला सराव) चालवायचा आणि मग अर्धा तास बसून कुठे चुकलं ते बोलायचं. बोलण्याचा उपयोग होतो, पण चुकलेली गोष्ट बरोबर करून बघायची संधी त्यात मिळत नाही, हात चुकीचंच लक्षात ठेवून घरी जातात. जॉन्स हॉपकिन्समध्ये एलिझाबेथ हंट आणि त्यांच्या टीमने २०१४ मध्ये वेगळी पद्धत मांडली. चूक दिसली की तिथेच थांबवायचं, दोन वाक्यांत दुरुस्त करायचं, दहा सेकंद मागे जायचं आणि तेच परत करायचं, बरोबर होईपर्यंत. अरेस्ट, चोकिंग, ॲनाफिलॅक्सिस, नवजात बाळ असल्या ठरलेल्या पायऱ्यांच्या कॉलसाठी ही पद्धत फारच चांगली आहे. जिथे विचार करून निर्णय घ्यायचा असतो, म्हणजे पोटदुखीचा पेशंट, बेशुद्धीचं कारण कळत नाही असला, तिथे मात्र सिनॅरिओ पूर्ण चालू द्या आणि नंतर बोला, कारण तिथे मध्ये तोडलं की माणूस विचार करायचाच थांबतो.

सिनॅरिओ खऱ्या सामानावर करा. क्लासरूममधली टेबलावर मांडून ठेवलेली ट्रे आणि गाडीतली तिसऱ्या कप्प्यातली गुंडाळलेली पिशवी यात जो वेळ जातो तोच कॉलवर जातो. गाडीत बसून, दार बंद करून, एका बाजूला भिंत असताना बाळंतपणाचं किट उघडून बघा. नाळेचे क्लॅम्प, बाळाला पुसायचा कपडा, छोटा मास्क हे कुठल्या क्रमाने बाहेर येतं. बाळ आल्यावर पहिल्या मिनिटात पुसणं, ऊब, थोडं चोळणं, आणि तरी श्वास नसेल तर बॅग-मास्क, मिनिटाला ४० ते ६०. एक मिनिट किती छोटं असतं ते स्टॉपवॉच लावल्याशिवाय समजत नाही. आणि बाळाकडे सगळे वळले की आईकडे कोण बघणार हे आधीच ठरवा, गर्भाशय मऊ लागलं आणि रक्त थांबत नाही तर पोटावरून मसाज कुणी सुरू करायचा ते.

एकाच वेळी बरेच जखमी असतील त्यासाठी मोठं मॉक ड्रिलच हवं असं नाही. बारा कागदाच्या चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर चालतो की नाही, श्वास किती, मनगटात नाडी लागते का, सांगितलेलं ऐकतो का. स्टार्ट पद्धतीने लावा (कुणाला आधी बघायचं ते रंगाने ठरवायची रीत, लाल सगळ्यात आधी, मग पिवळा, मग हिरवा, आणि काळा म्हणजे वाचण्याची आशा नाही), ही कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकात तयार झाली आणि लक्षात ठेवायला सोपी आहे. चालू शकतो तो हिरवा. श्वास नाही तर वायुमार्ग उघडा, तरी नाही तर काळा, सुरू झाला तर लाल. श्वास ३० च्या वर, लाल. मनगटात नाडी नाही किंवा नखातला रंग परत यायला २ सेकंदांपेक्षा जास्त, लाल. साधी आज्ञा पाळत नाही, लाल. उरलेला पिवळा. एका चिठ्ठीला ३० सेकंदांच्या वर नाही. सरावात सगळ्यात अवघड जाते ती काळी चिठ्ठी, लोक तिथे थांबतात आणि सीपीआर सुरू करायला बघतात, म्हणून पुढे सरकायचा सराव आधीच झालेला बरा.

वाचून झाल्यावर पुस्तक मिटा

प्रोटोकॉल पुन्हा पुन्हा वाचला की आपल्याला येतंय असं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, काहींनी मजकूर परत वाचला, काहींनी मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परत वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवून लिहिणारे. आपल्याला आठवड्याने, महिन्याने आणि पहाटे तीन वाजता लागतं, त्यामुळे एक पान वाचा, मिटा, कोऱ्या कागदावर लिहा, मग ताडून बघा. ईसीजीसाठीही तेच, रोज एक पट्टी, आधी स्वतःचं उत्तर कागदावर, मगच उत्तर बघायचं. व्हिडिओ बघताना पॉज करून पुढे काय करणार ते बोला. यावर जास्त लिहायची गरज नाही, करून बघितलं की पटतं.

जुनं सोडणं

नवीन शिकण्यापेक्षा जुनं सुटणं अवघड. २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने एअरवे-ब्रीदिंग-सर्क्युलेशन (वायुमार्ग, श्वास, रक्ताभिसरण) हा क्रम बदलून कॉम्प्रेशन आधी आणलं आणि त्याच वर्षी असिस्टोलमधलं (ईसीजीवर सरळ रेघ) नेहमीचं ॲट्रोपिन हे औषध काढून टाकलं. टूर्निके (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) आधी शेवटचा उपाय म्हणून शिकवत, आता हातापायातून जीवघेणं रक्त वाहत असेल तर लवकर लावा म्हणतात. सगळ्यांना हाय फ्लो ऑक्सिजन द्यायचे दिवस गेले, बहुतेक पेशंटना रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ९४ ते ९८ टक्के पुरतं आणि सीओपीडीवाल्यांना (फुप्फुसाचा जुनाट आजार) ८८ ते ९२. लांब स्पाइन बोर्डवर (पाठीचा कणा हलू नये म्हणून वापरायची फळी) प्रत्येकाला बांधून नेणं कमी झालं, बोर्ड उचलायला आणि बाहेर काढायला वापरायचा, तासभर झोपवून ठेवायला नाही. आणि ऑक्टोबर २०२५ च्या गाइडलाइनमध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने मोठ्यांच्या आणि मुलांच्या चोकिंगमध्येही आधी पाच पाठीवर थाप आणि मग पाच पोटावर दाब असं चक्र आणलं, आधी ते पोटावरच्या दाबावरच भर देत होते. एक वर्षाखालच्या बाळांना पोटावर दाब द्यायचा नसतो, तिथे पाठीवर थाप आणि छातीवर दाब.

असा बदल आला की ग्रुपवर पीडीएफ टाकून भागत नाही. तीन ओळी लिहा, आधी काय करत होतो, आता काय करायचं, आणि का. "का" लिहिलेलं असलं की घाईत आठवतं. मग त्याच आठवड्यात हाताने करा, कारण ताणाखाली माणूस जे सगळ्यात जास्त वेळा केलंय त्याकडेच वळतो. गाडीत चिकटवलेलं जुनं लॅमिनेटेड कार्ड काढून टाका, दोन कार्डं एकत्र राहिली की चुकीचंच हाती लागतं. आणि गाइडलाइन बदलली म्हणजे तुमचा प्रोटोकॉल बदलला असं होत नाही, मेडिकल डायरेक्टरची सही झाल्यावरच नवीन लागू, तोवर विचारत राहा, कधी येणार म्हणून.

पेशंटचं पुढे काय झालं ते विचारा

आपल्या कामात सगळ्यात मोठी अडचण ही की पेशंट कॅज्युअल्टीत सोडला की गोष्ट आपल्यासाठी अर्धवट राहते. आपण स्ट्रोक म्हणालो तो स्ट्रोकच होता का, ईसीजीवर एसटी वर दिसलं (हार्ट ॲटॅकची खूण) म्हणून कॅथलॅबला (हृदयाच्या रक्तवाहिन्या उघडतात तिथे) कळवलं ते बरोबर निघालं का, हे कळलं नाही तर अनुभव वाढतो पण अंदाज सुधारत नाही. दर महिन्याला निदान चार-पाच पेशंटबद्दल विचारायची रीत लावून घ्या, हॉस्पिटलच्या नियमात बसेल तसं, नाव-गाव बाहेर न काढता. कॉलशीटवर तुमचा अंदाज आधीच लिहिलेला असला पाहिजे, नाहीतर उत्तर कळल्यावर सगळ्यांनाच वाटतं की आपल्याला माहीत होतं.

या शिकण्याच्या पद्धतीला इतिहास आहे. १९६७ मध्ये पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाऊस नावाची ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली, डॉ. पीटर सफार यांनी कामधंदा मिळत नसलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना शेकडो तासांचं ट्रेनिंग देऊन उभं केलं, आणि हे त्या काळात जेव्हा बऱ्याच ठिकाणी ॲम्ब्युलन्स म्हणजे नुसती पेशंट उचलून नेणारी गाडी होती. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन तिथल्या मेडिकल डायरेक्टर झाल्या आणि त्या स्वतः क्रूबरोबर कॉलवर जायच्या. त्यातूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय पॅरामेडिक अभ्यासक्रमाचा पाया पडला. तुमचा मेडिकल डायरेक्टर महिन्यातून एक शिफ्ट गाडीत बसायला तयार असेल तर ती संधी अजिबात सोडू नका, एका शिफ्टमध्ये जेवढे प्रश्न विचारून होतात तेवढे वर्षभरात ईमेलवर होत नाहीत.

हॅन्डओव्हरचा, म्हणजे पेशंट हॉस्पिटलकडे सोपवताना माहिती सांगण्याचा, सराव यालाच जोडून. ट्रॉमामध्ये काय घडलं, कुठे लागलंय, आत्ताचे व्हायटल्स, काय दिलं, या क्रमाने, ४५ सेकंदांत. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका (काल्पनिक पेशंटचाच). पहिली दहा सेकंदं रस्ता आणि ट्रॅफिकबद्दल बोलण्यात जातात असं बहुतेकांना ऐकल्यावरच कळतं.

तास, कार्ड आणि फाइल

नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि ते बघण्यासारखे आहेत. अमेरिकेत नॅशनल रजिस्ट्रीचं (ईएमटी-पॅरामेडिकना प्रमाणपत्र देणारी संस्था) सर्टिफिकेशन दोन वर्षांचं, ईएमटीला ४० तास, पॅरामेडिकला ६०, आणि ते तास राष्ट्रीय, स्थानिक आणि वैयक्तिक अशा तीन भागांत वाटलेले. ऑस्ट्रेलियात पॅरामेडिकची नोंदणी डिसेंबर २०१८ पासून राष्ट्रीय झाली, वर्षाला ३० तास आणि त्यातले निदान ८ इतरांबरोबर बसून शिकण्याचे. ब्रिटनमध्ये तासांचा आकडाच नाही, शिकलेल्याचा रेकॉर्ड ठेवायचा आणि दोन वर्षांनी नोंदणी नवी करताना अडीच टक्के लोकांची फाइल तपासायला मागवतात. मला ही शेवटची पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कारण तिथे किती वेळ बसलात यापेक्षा त्याने तुमच्या कामात काय बदललं हे लिहावं लागतं. तुमच्याकडे तास मोजत असले तरी फाइल अशीच ठेवा. तारीख, काय शिकले, कुठल्या कॉलमुळे शिकायची गरज वाटली, आता काय वेगळं करते, चार ओळी पुरतात. सर्टिफिकेटचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. आणि तास शेवटच्या महिन्यात गोळा करू नका, तेव्हा मिळेल तो कोर्स घ्यावा लागतो आणि नाइट करून क्लासमध्ये बसलेला माणूस काहीच घेऊन जात नाही.

कोर्स निवडताना मी आधी एकच विचारते, प्रत्येकाचे हात किती वेळ चालणार. एका मॅनिकिनमागे पंधरा जण असतील तर दुसरीकडे बघा. मोठ्यांच्या अरेस्टसाठी एसीएलएस, जखमींसाठी पीएचटीएलएस किंवा आयटीएलएस, लहान मुलांसाठी पीएएलएस, नवजात बाळांचा कोर्स, यातला तुमच्या कॉलशीटच्या यादीत जो कच्चा भाग निघाला तो आधी घ्या, मित्र घेतायत म्हणून नको. ऑनलाइन कोर्स थिअरीसाठी, ईसीजीसाठी, औषधांसाठी चांगलेच असतात, पण एअरवे आणि बाळंतपण ऑनलाइन शिकून येत नाही.

ज्याला कुणी ट्रेनिंग म्हणत नाही तेही

उचलणं. पाठ गेली की नोकरी गेली, जिन्यावरून स्टेअर चेअर उतरवायचा सराव रिकाम्या खुर्चीने आणि मग पार्टनरला बसवून करा. गाडीत मागे बसताना पट्टा, सामान बांधलेलं, चौकात सायरन असला तरी थांबून बघणं, ड्रायव्हरबरोबर हे बोलून ठरवा.

आणि मृत्यूची बातमी सांगणं. हे बहुतेकांना कुणी शिकवलेलंच नसतं आणि लोक "आता ते आपल्यात नाहीत", "आम्ही खूप प्रयत्न केले" असं गोल गोल बोलतात, समोरचा मात्र अजूनही हॉस्पिटलला कधी नेणार म्हणून विचारत असतो. स्वतःची ओळख, घरातलं कोण कोण आहे ते बघून सगळ्यांना बसवणं, थोडक्यात काय झालं, आणि मग स्पष्ट "त्यांचा मृत्यू झाला आहे". मग गप्प राहायचं. हे गप्प राहणं सरावाशिवाय जमत नाही, म्हणून दोघांनी एकमेकांसमोर बसून हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. अशा कॉलनंतर क्रूला बळजबरीने गोलात बसवून सगळं बोलायला लावू नका, त्याने फायदा होतो असं अभ्यासात दिसलेलं नाही. खायला-प्यायला, थोडा वेळ, सोबतीला एक माणूस, आणि झोप उडाली, तेच तेच आठवतंय असं काही आठवडे चाललं तर तज्ज्ञाकडे पाठवणं.

तुम्ही टीम लीडर असाल तर

ट्रेनिंग ड्युटीच्या वेळेत घ्या, सुट्टीच्या दिवशी बोलावलं की लोक येतात पण मन घरी असतं. मॅनिकिन कपाटात कुलूप लावून ठेवू नका, क्रू रूममध्ये जमिनीवर पडलेला असू द्या, येता-जाता दोन मिनिटं होतात. आठवड्याला एकच विषय, फळ्यावर लिहून ठेवलेला, सगळ्या शिफ्टना तोच. नवीन माणसाला पहिल्या दिवशी प्रोटोकॉलचं पुस्तक देण्याआधी गाडीतली प्रत्येक वस्तू डोळे मिटून काढायला लावा, आणि पहिले काही महिने ठरलेल्या एकाच सीनियरबरोबर ड्युटी द्या, रोज नवा माणूस दिला की तो रोज नवी सवय शिकतो. चूक सांगितली म्हणून कुणाची सगळ्यांसमोर झाडाझडती घेतलीत तर पुढची चूक तुम्हाला कळणारच नाही, ती फक्त पेशंटला कळेल. सरावाच्या मध्ये कॉल येणार हे धरूनच चाला, कुठपर्यंत आलो होतो ते फळ्यावर लिहून निघा म्हणजे परत आल्यावर किंवा पुढच्या शिफ्टला तिथूनच सुरू करता येतं.